झिजलेल्या डब्यांसाठी

साहिब, सिंध आणि सुलतान. ठाण्यात शाळा झालेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी ही तीन नावं सांगता येतात. १६ एप्रिल १८५३ ची दुपार, बोरीबंदरहून निघालेले १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित, २१ तोफांची सलामी, शीवला इंजिनांत पाणी भरण्यासाठी घेतलेला थांबा आणि ३४ किलोमीटरनंतर आलेलं आमचं ठाणं. एप्रिल आला की ही गोष्ट पुन्हा कुठेतरी छापून येते आणि मी ती पुन्हा मन लावून वाचते. पण त्या तीन इंजिनांपैकी एकही आज शिल्लक नाही, हे त्यात क्वचितच लिहिलेलं असतं. त्या १४ डब्यांपैकीही एक नाही.

देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे येऊन थांबली, त्या गावाकडे हात लावून बघावं असं तिचं काहीच नाही. ही रुखरुख मला लहानपणापासून आहे. आमच्या घरात ती जरा जास्तच, कारण माझे मामा रेल्वेत होते. कारशेडमध्ये खलाशी, म्हणजे हाताखालचा मदतनीस, म्हणून लागले आणि फिटर म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी लोकलच्या पोटाखाली गेली. आता कळव्याला राहतात. अजूनही जेवताना बाहेरून गाडी गेली की क्षणभर घास हातात धरून ऐकतात, आणि आवाज मनासारखा असला तरच पुढे जेवतात.

मागे एका लग्नासाठी दिल्लीला जाणं झालं, तेव्हा मामांना चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात घेऊन गेले. हे संग्रहालय १ फेब्रुवारी १९७७ रोजी सुरू झालं. मायकेल साटो नावाच्या इंग्रज रेल्वेप्रेमी गृहस्थांचा सल्ला आणि खटपट त्यामागे होती. वाफेची इंजिनं अजून रोज धावत होती, त्या काळात हे काम झालं. धावणारी गोष्ट उद्या धावणार नाही हे आधी कळावं लागतं आणि ती बाजूला काढून ठेवावी लागते. मुंबईत १८५३ च्या इंजिनांसाठी हे कुणीच केलं नाही. फेअरी क्वीनचं नशीब बघा. ती आपल्या साहिब-सिंधपेक्षा जेमतेम दोन-तीन वर्षांनी लहान. १८५५ मध्ये इंग्लंडातल्या लीड्सला तयार झाली, ईस्ट इंडियन रेल्वेत राबली आणि १९०९ मध्ये सेवेतून निघाली. पण तिला भंगारात न देता हावड्याला चौथऱ्यावर उभी केली गेली. मग ती चंदौसीच्या रेल्वे शाळेत गेली, तिथून दिल्लीला आली, आणि १९९७ मध्ये पुन्हा वाफ भरून धावली. नियमित धावणारं जगातलं सर्वांत जुनं वाफेचं इंजिन म्हणून गिनेसच्या यादीत तिचं नाव लागलं. तीही पन्नासहून जास्त वर्षं राबलेलीच होती. फरक एवढाच, की तिच्या बाबतीत कुणीतरी वेळेवर ‘थांबा’ म्हणालं.

आवारात शिरल्यावर मामा आधी माथेरानच्या इंजिनापाशी गेले. ७३८ नंबरचं ते छोटं इंजिन नेरळहून इतक्या लांब येऊन उभं आहे. त्याचं एक भावंड, ७४०, तर इंग्लंडात लेटन बझर्डला गेलं. पीरभाई घराण्याने स्वतःच्या पैशांनी १९०७ मध्ये माथेरानची गाडी सुरू केली, तेव्हा दोन फुटी रुळांवर डोंगराची ती वळणं घेईल असं इंजिन हवं होतं. जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीने ते बनवलं. त्यातली खुबी मामांनी मला तिथे उकिडवं बसून समजावली. सहाही चाकं एकमेकांना दांड्यांनी जोडलेली. अशी जोडलेली चाकं एका रेषेत ताठ राहतात आणि तीव्र वळणावर अडतात. म्हणून पुढची आणि मागची जोडी थेट आसावर न बसवता आसाभोवतीच्या पोकळ नळीवर बसवली आहे. त्यामुळे ती दांड्यांनी फिरत राहते आणि वळण आलं की थोडी बाजूलाही सरकते. “ज्याने हे डोक्यातून काढलं ना बाय, त्याने आधी वळण बघितलं आणि मग इंजिन काढलं,” मामा म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही सर्वांत मोठी स्तुती असेल.

आवारात सगळ्यात जास्त गर्दी सलूनपाशी, म्हणजे राजेरजवाड्यांच्या खास डब्यांपाशी, होती. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या दौऱ्यासाठी बनवलेलं सलून आणि म्हैसूरच्या महाराजांचं १८९९ चं सलून. म्हैसूरचं सलून चाकांचे सांगाडे बदलून मीटर गेज आणि ब्रॉड गेज अशा दोन्ही रुळांवर चालवता यायचं. सागवानी काम, कोरीव नक्षी, निजायची खोली. लोक काचेला नाक लावून आत बघत होते. मी पण बघत होते. वळून पाहिलं तर मामा दिसेनात. थोडं पुढे, एका डब्याच्या चाकापाशी गुडघे टेकून बसले होते.

“वरती काय बघतेस? खाली ये.”

मी खाली बसले. त्यांनी कमान पाटे दाखवले, बफर दाखवले, दोन डबे आवळणारं स्क्रू कपलिंग दाखवलं. मग चाकाच्या कडेवर, म्हणजे फ्लँजवर, बोट ठेवलं. “किती जाड आहे बघ. ही गाडी चाललीच नाही फारशी.” लोकलचं चाक पुन्हा पुन्हा लेथवर चढतं, प्रत्येक वेळी थोडं बारीक होतं, आणि ठरलेल्या मापाखाली आलं की बाद होतं. मामांच्या हातांना ते माप डोळे मिटून कळतं.

त्यांचं बोलणं ऐकून मी सलूनकडे परत पाहिलं, तेव्हा ती जागा मला वेगळी दिसायला लागली. राजाचा डबा वर्षातून थोडेच दिवस बाहेर निघतो. उरलेला वेळ शेडमध्ये झाकून, पुसून, पहाऱ्यात उभा असतो. म्हणून तो १५० वर्षं टिकतो. रोज हजारो माणसं वाहणारा डबा टिकत नाही. त्याची बाकं मोडतात, पत्रा गंजतो, चाकं बाद होतात, आणि एके दिवशी सबंध रेक भंगाराच्या लिलावात जातो. जे जास्त कामाला आलं ते आधी नाहीसं झालं, आणि जे कमी कामाला आलं ते काचेमागे उरलं. पुढच्या पिढीला रेल्वे म्हणजे मखमल आणि सागवान वाटेल, कारण बघायला तेवढंच असेल. साधे डबे तिथे नाहीत असं नाही. पण त्यांच्यापाशी कुणी थांबत नाही, आणि थांबावं असं त्यांच्याबद्दल फारसं काही सांगितलेलंही नसतं.

संग्रहालयात साध्या प्रवाशाची एक खूण मात्र मला फार मोलाची वाटली. ओखिलचंद्र सेन यांचं १९०९ चं पत्र. अहमदपूर स्टेशनवर गाडी थांबली असता हे गृहस्थ फणस जास्त झाल्यामुळे शौचाला उतरले, इतक्यात गार्डने शिट्टी दिली. एका हातात लोटा आणि दुसऱ्या हातात धोतर धरून ते धावले आणि फलाटावर सगळ्यांदेखत पडले. संतापून त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत रेल्वेला तक्रार लिहिली. या पत्रामुळे खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचालयं आली असं सांगितलं जातं. लोक ते वाचून हसतात. मामाही आधी हसले. मग म्हणाले, “म्हणजे १८५३ पासून तोवर बायका काय करत असतील?” या प्रश्नाचं उत्तर कुठल्या फलकावर नव्हतं. पहिल्या गाडीनंतर ५६ वर्षांनी लिहिलेल्या एका तक्रारीतून आपल्याला त्या बाकांवर बसलेल्या माणसाचा आवाज ऐकू येतो, बाकी सगळी शांतताच आहे.

जुन्या गाड्या जपण्याच्या आपल्या पद्धतीबद्दलही मला एक बोलायचं आहे. कुठल्याही एका ठिकाणाविषयी नाही, देशात जिथे जिथे चौथऱ्यावर इंजिन उभं दिसतं तिथलं हे सरसकट चित्र आहे. आपण रंग देतो. कुणी पाहुणे येणार असले की आणखी एक हात मारतो. ऑइल पेंटचे थर चढत चढत कारखान्याच्या नावाची पितळी पाटी बुजते, रिव्हेटची डोकी गोल होतात आणि पायरीवरचा खड्डा भरून निघतो. गंज थांबवायला रंग हवा, हे मला कळतं. पण दाराशी धरायच्या पितळी दांड्यावर रंग कशासाठी? आमच्या आजोळच्या घराचा उंबरठा मधोमध खोलगट झाला होता आणि आजीने तो कधी बदलू दिला नाही. चार पिढ्यांचे पाय त्यात होते. डब्याच्या दांड्यावरची झीज तशीच आहे. ती पुसून वर चकचकीत काळा रंग दिला की आपण गाडीचा आकार तेवढा ठेवतो आणि गाडीत बसलेली माणसं बाहेर काढतो.

परतताना आमचं बोलणं घाटाच्या इंजिनांवर आलं. मुंबईकरांनी ज्याला ‘क्रोकोडाइल’ म्हटलं ते डब्ल्यूसीजी-१ हे विजेचं इंजिन दिल्लीत जपलेलं आहे आणि मुंबईतही आहे. मधोमध केबिन, पुढे-मागे लांब नाक, आणि चाकांना फिरवणारे मोठे दांडे. बोर घाट आणि थळ घाटाची चढण ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. तिथे मालगाड्या ओढायला १९२८ पासून ही इंजिनं आली. एकूण ४१ होती. पहिली १० स्वित्झर्लंडला बनली आणि उरलेली व्हल्कन फाउंड्रीत. म्हणजे लँकशायरच्या ज्या कारखान्याने साहिब, सिंध आणि सुलतान बनवली, त्यानेच पाऊण शतकानंतर आपल्या घाटांसाठी मगरी बनवल्या. मामांनी त्यांना पाहिलं ते त्या मगरींच्या म्हातारपणी. घाट सुटला होता आणि व्हीटीला डबे इकडून तिकडे करण्यापुरतं काम उरलं होतं. “आवाज काय होता, सांगू? दांडा फिरताना खाली जमीन बोलायची.” मग मामा हाताने दांडा कसा फिरायचा ते करून दाखवत राहिले. समोरच्या बाकावरचं शाळकरी पोर टक लावून बघत होतं.

आता माझ्या मनातलं मागणं लिहिते. मला ठाण्यात एक जुनी लोकल हवी आहे.

सलून नको, मंत्र्यांच्या तपासणीचा डबा नको. डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, चालणाऱ्या जुन्या लोकलचे तीनचार डबे हवेत. एक मोटरमनच्या केबिनचा, एक बायकांचा, एक जनरल आणि एक भाजीवाल्यांचा लगेजचा. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटीहून कुर्ल्याला हार्बरवर देशातली पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. त्याच डीसीवर शेवटची लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून सीएसटीला गेली. ९१ वर्षं एका विजेने या शहराला कामावर नेलं आणि घरी आणलं. ठाणे-कल्याणची वाढ, डोंबिवलीचं आजचं रूप, कळव्या-मुंब्र्याच्या चाळी, या सगळ्याखाली ती वीज आहे. तिच्यासाठी एवढी जागा मागणं मला मुळीच जास्त वाटत नाही.

त्या डब्यात काय काय असावं, हे मला अगदी नेमकं सांगता येतं. लाकडी पट्ट्यांची बाकं, तिघांची आणि चौथीने कडेला टेकायची. जाळीतला पंखा, जो कंगव्याने ढकलल्याशिवाय फिरत नसे. वर लोंबणाऱ्या कड्या, ज्या वळणावर सगळ्या एकदम एका बाजूला जायच्या. दारातला मधला खांब, ज्याच्यावर हातांनी आरशासारखी चमक आणली होती. बाकाच्या पाठीवर टोकदार वस्तूने कोरलेली नावं. ती खरवडून काढायची नाहीत. बायकांच्या डब्यात शेंगा सोलून झाल्यावर खाली पडलेले दोरे असायचे, केसातल्या पिना असायच्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूची तोरणं लागायची, हळदीकुंकू व्हायचं, मोटरमनच्या केबिनला हार चढायचा. पुरुषांच्या डब्यात भजनी मंडळं टाळ घेऊन बसायची आणि मुलुंड आलं की आवाज चढायचा. माझी आई याच डब्यातून नोकरीला गेली. कळव्याला सकाळी चढायला मिळत नाही म्हणून कारशेडमधून निघणारी गाडी पकडायला जाणाऱ्या बायकांत तीही होती. मामा तिला रागावायचे, आणि तरीही गाडी किती वाजता निघणार हे तेच सांगायचे.

आवाजही जपायला हवा. जुनी लोकल फलाटावर उभी राहिली की खालून कंप्रेसर सुरू व्हायचा आणि पायांना त्याची धडधड लागायची. ब्रेकसाठी वापरलेली हवा तो परत भरून घ्यायचा. गाडी सुटली की मोटरचा सूर टप्प्याटप्प्याने वर चढायचा. सुरुवातीला वीज आवरून सोडायची म्हणून मधे रोध घातलेले असत आणि वेग वाढेल तसे ते एकेक करून बाजूला होत. प्रत्येक टप्प्याला एक हलका हिसका बसायचा. उभ्याने प्रवास करणाऱ्या प्रत्येकीला तो हिसका पायांत माहीत होता. नव्या गाड्या अलगद सुटतात, जास्त सुरक्षित आहेत, ब्रेक लावताना वीज परत तारेत पाठवतात. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण त्या हिसक्याची नोंद कुठेतरी असायला हवी.

असंच पारसिकच्या बोगद्याचं. १९१६ मध्ये सुरू झालेला हा बोगदा जवळपास १.३ किलोमीटर लांब आहे. कळवा-मुंब्र्याला वळसा न घालता जलद गाड्या डोंगराच्या पोटातून थेट दिव्याकडे निघायच्या. आत शिरलं की अंधार, कानात दडे, आणि पोरांची एकच आरोळी. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका झाली, तेव्हापासून जलद लोकल मुंब्र्याकडून जातात आणि बोगदा लांबच्या गाड्यांकडे गेला. बोगदा जागच्या जागी आहे, रोज वापरात आहे. पण ठाण्याची आजची लहान मुलं लोकलमधून त्यात शिरत नाहीत, त्यांना आरोळी ठोकायची ती जागा माहीत नाही. म्हणजे वस्तू शाबूत असतानाही तिच्याशी आपला असलेला व्यवहार संपू शकतो.

म्हणूनच मला रेवाडीचं फार कौतुक आहे. हरियाणातल्या त्या १८९३ च्या शेडमध्ये वाफेची इंजिनं पेटवण्याच्या स्थितीत ठेवली आहेत. पेटतं इंजिन ठेवायचं तर माणसं लागतात. भट्टीत कोळसा कुठे पसरायचा, पाण्याची पातळी कुठवर उतरली की घाबरायचं, वंगण कुठल्या सांध्याला किती, हे माहीत असलेली आणि ते दुसऱ्याला शिकवणारी. चौथऱ्यावरच्या इंजिनाला फक्त रंगारी लागतो. ठाण्याच्या लोकलला विजेच्या तारेखाली धावायची गरज नाही, पण निदान कंप्रेसर चालावा, दिवे लागावेत आणि शाळेच्या पोरांना मोटरमनचं हँडल दाबून बघता यावं. ते हँडल सोडलं की ब्रेक लागतो. मोटरमनला चक्कर आली तरी गाडी थांबावी म्हणून ही सोय. आपण कुणाच्या हाताच्या दाबावर रोज घरी पोचलो, हे मुलांना स्वतःच्या हाताने कळेल.

आणि हे सगळं सांगायला ती माणसं लागतील, जी आत्ता कळव्यात, कल्याणात, कुर्ल्याच्या चाळींत निवृत्त होऊन बसली आहेत. पूर्वी गाडी उभी राहिली की तपासनीस लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकाचाकावर मारत जायचा. चांगलं चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द बोलतं. तो बद्दपणा शब्दांत लिहून पोचत नाही. तो ऐकलेला कान शोधून त्याच्यासमोर बसावं लागतं.

मी मामांपासून सुरुवात केली आहे. रविवारी कळव्याला जाते, फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवते आणि शिवाय वहीत लिहून घेते, कारण फोनसमोर ते सभेत बोलल्यासारखं बोलतात आणि वहीसमोर नीट बोलतात. पहिलं प्रकरण ब्रेक ब्लॉक बदलण्याचं घेतलं. पान वाचून दाखवलं तर म्हणाले, “यात ‘मी बदलला’ असं का लिहिलंयस? आम्ही दोघं असायचो. एक खाली, एक वर उभा. खालचा ‘हवा सोडली?’ विचारणार, वरचा ‘सोडली’ म्हणणार, मगच हात घालायचा. वरच्याचं नाव लिही आधी.” ते नाव आता वहीच्या पहिल्या ओळीत आहे. मामांच्या मते वरच्याचे घरचे कोपरीला असतात, आणि कंप्रेसरबद्दल त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही. पुढच्या रविवारी आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत.